राग येईनासा झाला तेव्हा

माझ्या आजाराची पहिली लक्षणं दिसायला लागली तेव्हा आमच्या घरात सगळे खूश झाले. खोटं नाही सांगत. नवरा खूश, मुलगा खूश, नवी सून तर देवीला नारळ फोडून आली. कारण मला राग येईनासा झाला होता.

हे नीट कळायचं तर आधी मी कोण ते सांगायला हवं. मी भारती. तारापूरच्या बाजूला समुद्राला लागून आमचं गाव. बोटी लागल्या की मासळी घ्यायची, टोपल्या रिक्षात टाकायच्या आणि बोईसरच्या बाजारात जाऊन बसायचं, हा माझा लग्नाच्याही आधीपासूनचा धंदा. मासळीवाल्या बाईचं तोंड कसं असतं ते कोणाला सांगायला नको, आणि त्यातही माझं जरा वरचढच. कोणी पापलेटाचा कल्ला उचलून वाकून बघायला लागला की मी म्हणायची, "नाडी कशाला बघतोस, ते मेलेलंच हाय." गिऱ्हाईक हसायचं आणि घेऊन जायचं. अशा बाईला थायरॉइड झाला तर काय होतं, ते मी लिहिणार आहे. थायरॉइड म्हणजे काय ते पुस्तकात सापडेल. मला फक्त माझं ठाऊक आहे, आणि माझं सांगायचं म्हणजे आधी दहावीचं सांगावं लागतं.

सोयरिकीतली दहावी

आमचा मयूर एमआयडीसीत कंपनीत कामाला. त्याच्यासाठी मुलगी बघायला उमरोळीला गेलो होतो. मुलगी बी.कॉम. झालेली, प्रणाली नाव. चहा पिता पिता मुलीच्या वडलांनी सहज विचारलं, "विहीणबाई किती शिकल्यात?" मी तोंड उघडायच्या आत माझा नवरा बोलून गेला, "दहावी."

मी सातवीतून शाळा सोडलेली. आई गेली आणि तिची टोपली माझ्या डोक्यावर आली, संपली शाळा. नवऱ्याला हे पुरतं ठाऊक. परत येताना मी विचारलं, "ही दहावी कुठनं आणलीत?"

"तोंडातून निघून गेलं," तो म्हणाला. "ते घरातले सगळे शिकलेले. मी घाबरलो."

"निघालं ते आता परत घेता येत नाय. मी होते दहावी."

रागात घेतलेला निर्णय होता. माझे सगळे चांगले निर्णय रागातच झालेले आहेत.

सुनेपासून काही लपून राहिलं नाही. लग्नाच्या आठवड्यातच तिला कपाटात दहावीचं भूगोलाचं पुस्तक सापडलं. "आई, हे कोणाचं?" "माझं." "पण तुम्ही तर..." "तुझ्या सासऱ्याला विचार." तिनं विचारलं. तो गडबडीनं जाळं विणायला समुद्राकडे निघून गेला, आणि ती पोट धरून हसत बसली. पण त्याच संध्याकाळी म्हणाली, "इंग्रजी मी घेते तुमचं." म्हणजे खोटं तर उघडं पडलं होतं, आता ते खरं करून दाखवायचं राहिलं होतं. आणि ही गोष्ट बाजारभर झालेली. बर्फवाल्यापासून सगळे विचारायचे, "काय भारतीबाय, कुठवर आली दहावी?"

बोईसरला एका शाळेच्या खोलीत मोरे सर दुपारी बायकांचा वर्ग घेतात. सर निवृत्त झालेले, आवाज बारीक, शर्ट कायम खोचलेला. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आणि बाहेरून परीक्षेला बसायचं. सरावलीच्या, सालवडच्या कामगारांच्या बायका, कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या दोघी, आणि मासळीचा वास घेऊन येणारी मी. पहिले महिने मी सरांना सळो की पळो करून सोडलं. उणे पाच म्हणजे काय? जी मासळी टोपलीत नाहीच ती अजून उणी कशी होईल? सर फळ्यावर रेघ मारून दमायचे, पण मी सोडायची नाही, आणि ज्यावर भांडले ते माझ्या डोक्यात पक्कं बसायचं. पहिल्या चाचणीत वर्गात दुसरी आले. नवऱ्यानं गावभर सांगितलं, जणू पेपर त्यानंच लिहिला होता.

सुधारलेली बाई

गणपती झाले आणि मी बदलायला लागले. एकदम नाही, हळूहळू. आधी नुसती झोप. बाजारात, रिक्षात, वर्गात, उभ्याउभ्या झोप. मग थंडी. बोईसरच्या ऑक्टोबरात माणसं पंख्याखाली मरत असतात, आणि मी मयूरचा स्वेटर घालून मासळी विकायला बसलेली. केस हातात यायला लागले, तोंड सुजल्यासारखं दिसायला लागलं, चार-चार दिवस पोट साफ नाही. आवाज घोगरा झाला. मयूरनं कंपनीतून फोन केला तर म्हणाला, "बाबा, आईला द्या ना जरा."

पण प्रत्येक गोष्टीला घरात उत्तर तयार होतं. केस गळतात कारण डोक्याला अभ्यासाचा ताण. तोंड भरलं कारण सून आली, सुख लागलं. झोप येते कारण पहाटे उठते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मी बोलायची बंद झाले होते. सून कालवणात मीठ विसरली तरी मी जेवून उठायची. बोंबलाच्या कालवणात तिनं एकदा टोमॅटो घातला, तरीसुद्धा. नवरा पिऊन आला तर मी दार उघडून परत झोपायची. त्याला इतकं आश्चर्य वाटलं की दुसऱ्या दिवशी तो प्यायला नाही.

"शिक्षणानं माणूस कसा निवतो बघ," तो शेजाऱ्यांना सांगायचा. "आमच्या बाईला कालपरवापर्यंत नाकावर माशी बसलेली चालत नव्हती. आता माशी काय, अख्खी टोपली ठेवा."

प्रणालीला लग्नाआधी कोणीतरी सांगितलं होतं की सासू म्हणजे तिखट मिरची, सांभाळून राहा. ती माहेरी फोन करून सांगायला लागली, "अगं आई, काहीतरीच सांगत होते लोक. गाय आहे गाय." मी आतून ऐकत होते. मला रागही आला नाही आणि बरंही वाटलं नाही. तेव्हा मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

वर्गात मात्र गाडी रुतली. सर बोलायचे ते पालथ्या घड्यावर पाणी. आदल्या दिवशी पाठ केलेलं दुसऱ्या दिवशी कोरं. मी भांडणं सोडलं होतं, त्यामुळे सरांनाही वाटलं बाई आता मन लावून ऐकतेय. पूर्वपरीक्षेला विज्ञानाच्या पेपरात एक व्याख्या आठवायची म्हणून मी डोळे मिटले, ते सरांनी खांद्याला हात लावला तेव्हाच उघडले. पेपर गोळा करून झाले होते.

मराठी सोडून सगळ्या विषयांत नापास. सर जवळ बसून फार मायेनं म्हणाले, "भारतीताई, मनाला लावून घेऊ नका. एका वयानंतर डोकं पूर्वीसारखं चालत नाही."

गणपतीआधी कोणी असं म्हणालं असतं तर मी त्याला बोईसर स्टेशनपर्यंत पळवला असता. मी म्हणाले, "बरोबर हाय, सर." पुस्तकं टोपलीत टाकली आणि सांगितलं, उद्यापासून येत नाही. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "झालं तेवढं पुरे. सोयरीक तर झालीच हाय." मला रडू आलं नाही. मी जेवले आणि झोपले. आज त्या दिवसाची आठवण आली की अंगावर काटा येतो, कारण मी तेव्हा खरंच मानलं होतं की माझं डोकं संपलं.

चंपूबाय सरकते

बाजारात माझ्या शेजारी चंपूबाय बसते. आमच्याच गावची, माझ्यापेक्षा वयानं मोठी, आणि माझी जन्माची वैरीण. आमच्या दोघींच्या जागांमध्ये एक फुटकी फरशी आहे, ती सीमा. चंपूबायची टोपली त्या फरशीला शिवली की मी तोंड सोडायची, माझी शिवली की ती सोडायची. रोज सकाळी बोहनीच्या आधी आमचं एक भांडण व्हायचंच, आणि ते झालं की एक कटिंग चहा दोघीत. लांबून बघणाऱ्याला वाटायचं आज खून पडतो. आम्हाला त्याशिवाय दिवस उजाडल्यासारखा वाटत नसे.

सरांचा वर्ग सोडला त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. मी बसले होते, समोर सुरमई, आणि माझ्या मांडीला काहीतरी ओलं लागलं. बघते तर चंपूबायची टोपली. फरशीवर नाही, फरशी ओलांडून पार माझ्या मांडीपर्यंत. मी काय केलं? थोडी सरकून बसले.

चंपूबायनं हातातला सुरा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भारते, सोमवारपासून मी सरकतंय. आधी फरशीवर आली. तू गप. मग वीतभर आत आली. तू गप. आज तुज्या मांडीवर बसायची बाकी रायलंय. तू शिवी काडत नायस. तुला काय झालंय?"

"काय नाय. शिक्षणानं सुधारले."

"तुजं शिक्षण गेलं खड्ड्यात. माज्या आजीचा आवाज असा झाला व्हता मरायच्या आधी." तिचे डोळे भरून आले होते. माझ्या घरात एवढी माणसं, पण मी आजारी आहे हे माझ्या वैरिणीला दिसलं. तिनं दोन्ही टोपल्या समोरच्या बाईच्या हवाली केल्या आणि मला दंडाला धरून डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास होतो. मी तोंड उघडायच्या आत चंपूबाय म्हणाली, "साएब, हिला राग येत नाय."

डॉक्टर पेन धरून थांबले. "राग येत नाही, ही तक्रार आहे?"

"तुमी हिला वळकत नाय," चंपूबाय म्हणाली. "आमच्या लायनीतली कोणतीबी बाई इचारा."

डॉक्टर भला माणूस. हसला नाही. मान दाबून बघितली, डोळे ओढून बघितले, नाडी बघितली आणि बराच वेळ बघत राहिला. रक्त तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट बघून म्हणाला की थायरॉइड फारच मंदावलाय, रक्तही कमी आहे, नाडी हळू चाललीय, पालघरच्या सरकारी रुग्णालयात जा, दोन दिवस ठेवून घेतील.

पालघरचे दोन दिवस

रुग्णालयात मी याआधी फक्त बाळंतपणाला गेले होते, तेव्हा निदान हातात काहीतरी घेऊन परतले होते. इथे पलंगावर नुसतं पडून राहायचं. सकाळी झाडूवाली येते, मग रक्त घेणारा, मग सिस्टर, मग डॉक्टर आणि त्यांच्यामागे शिकणारी पोरं. प्रत्येक जण विचारतो, कसं वाटतंय. मी म्हणायची, बरं वाटतंय. दुसरं काही बोलायला लागलं असतं तर शब्द शोधावे लागले असते.

शेजारच्या पलंगावर जव्हारकडची एक आजी होती, तापानं आलेली. ती दिवसभर माझ्याकडे बघायची. एकदा म्हणाली, "बाय, तू लय शांत." मी म्हटलं, "हाच आजार हाय." तिनं मान हलवली, जणू तिच्याकडेही असले पेशंट येऊन गेलेत.

दुपारी चंपूबाय आली. पदराखाली डबा, डब्यात सुक्या बोंबलाची चटणी. झाकण उघडलं आणि अख्ख्या वॉर्डाला कळलं. सिस्टर नाक धरून धावत आली, "कोणी आणलं हे?" चंपूबाय छताकडे बघत बसली. तोपर्यंत जव्हारच्या आजीनं भाकरीचा तुकडा पुढे केला होता. सिस्टर ओरडून गेली, पण जाताना हळूच विचारलं, उरलीय का थोडी. आजारात मला चव लागेनाशी झाली होती, पण ती चटणी लागली.

चंपूबाय गेल्यावर मात्र मला भीती वाटली. मरणाची नाही. मला वाटलं, डॉक्टर सांगतील की शरीर होईल नीट, पण डोकं गेलं ते गेलं. मी पडल्या पडल्या स्वतःची परीक्षा घेत होते. ए अधिक बी, त्याचा वर्ग. ए वर्ग, अधिक... पुढे काहीच येईना. मी परत पहिल्यापासून सुरू करायची आणि परत तिथेच थांबायची. शाळा तर मी सोडलेलीच होती, मग हे कशाला म्हणत होते कोणास ठाऊक. पण मला ती दहावी हवी होती. फार हवी होती. हे मला तिथे त्या पलंगावर कळलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, चष्मा लावलेल्या. नवरा पलंगाशी उभा होता. त्यांनी समजावलं की गळ्यात एक ग्रंथी असते, ती आळशी झालीय, त्यामुळे सगळं शरीर आळशी झालंय, पोट, कातडी, आवाज, डोकं, सगळं.

"डोकं पण?" मी विचारलं.

"डोकं पण. विसरायला होतं, लक्ष लागत नाही, झोप येते."

"मी दहावीला बसलेय. नापास झाले."

त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागल्या. "या अवस्थेत तुम्ही मराठीत जरी पास झाला असाल तरी कमाल आहे, मावशी."

"परत येईल?"

"येईल. रोज एक गोळी. पण धीर धरावा लागेल, पंधरा दिवसांत होत नाही."

नवऱ्यानं घसा साफ केला. "म्हणजे डॉक्टर, ही पयल्यासारखी होणार? स्वभावानं पण?"

"अगदी पहिल्यासारखी."

त्याचा चेहरा उतरला. त्यानं विचारलं, "जरा कमी पावरची गोळी नाय का?"

डॉक्टरीणबाई खो-खो हसल्या. सिस्टर हसली. जव्हारच्या आजीला कोणीतरी समजावून सांगितलं, मग तीही हसली. मी नाही हसले. मला फार वाईट वाटलं. मी चार महिने आतून बुडत होते आणि यांना तेच दिवस गोड गेले. पुढे बोलायची ताकद आली तेव्हा मी त्याला हे तोंडावर बोलून दाखवलं. तो म्हणाला, "मला वाटलं तू सुखात हायस." त्याचंही खोटं नव्हतं. आमच्याकडे बाई ओरडत नसेल तर ती सुखात आहे असंच धरतात.

उपाशीपोटी

घरी आले ती ठरवूनच, परीक्षा द्यायची. मोरे सरांकडे चंपूबायच गेली आणि त्यांना म्हणाली, "वय नाय सर, गळा हाय." सर दुसऱ्या दिवशी आमच्या घरी आले. बसले आणि म्हणाले, "ताई, मी शिक्षक आहे, मला कळायला हवं होतं." पाणीसुद्धा घेईनात.

त्यांनी नुसता पश्चात्ताप केला नाही. वर्गात डॉक्टरला बोलावून सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं, डोळे तपासून घेतले. बऱ्याच जणींचं रक्त कमी निघालं. सालवडची विमल, जिला आम्ही सगळ्या बावळट समजत होतो, तिला फळाच दिसत नव्हता. बिचारी वर्षभर शेजारणीचं बघून उतरवायची, चुकांसकट. चष्मा लागला त्या दिवशी म्हणाली, "सरांचं अक्षर एवढं वाईट हाय होय?" म्हणून सांगते बायांनो, डोक्यात काही शिरत नसेल तर डोक्याला शिव्या घालायच्या आधी रक्त तपासून घ्या, डोळे तपासून घ्या. आपण डोक्याला फार लवकर दोष देतो.

पण माझी गोळी काही लागू पडेना. तीन आठवडे झाले, परीक्षा जवळ आली, आणि मी आपली तशीच, स्वेटर घालून पेंगणारी. परत पालघरला गेले. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"गोळी उपाशीपोटी घेता ना?"

"एकदम उपाशी. उठल्या उठल्या."

"आणि त्यानंतर पहिलं काय खाता?"

"भाकरी. बाजारात. चांगलं ऊन वर आल्यावर."

"त्याआधी काहीच नाही?"

"काय नाय. नुसता चहा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "चहा कधी?"

"गोळी चहाबरोबरच घेते ना. नुसत्या पाण्याबरोबर कडू लागते."

"मावशी, मी उपाशीपोटी सांगितलं होतं."

"मग चहा म्हणजे काय खाणं हाय?" मी म्हटलं. नवरा बाजूलाच होता, तोही म्हणाला, "आमच्याकडे कडक उपवासाला पण चहा चालतो, डॉक्टर." आम्ही दोघं मनापासून बोलत होतो. त्या बाईंनी डोक्याला हात लावला. मग कळलं की चहानं गोळी अंगी लागत नाही. गोळी पाण्याबरोबर, आणि चहा एक तासानं.

आता आमच्या गावात कोणालाही विचारा, पहाटे बंदरावर बोटीची वाट बघत चहाशिवाय एक तास काढणं म्हणजे काय. थंड वारा, सगळ्या बायकांच्या हातात वाफाळते ग्लास, आणि मी आपली तोंडाला कुलूप लावून. चंपूबायनं माझ्यावर पहारा बसवला. मी किटलीकडे नुसतं बघितलं तरी ती हात मागे ओढायची. पण त्यानंतर गोळीनं काम धरलं.

परत आली

पहिली खूण बाजारात दिसली. एक तरुण गिऱ्हाईक बोंबील चिवडत विचारत होता, "मावशी, हे कालचे आहेत का?"

"कालचे नाय," मी म्हटलं, "तुज्या बारशाचे हाय. तुला दाखवायला ठेवले व्हते."

अख्खी लाइन वळून माझ्याकडे बघायला लागली. आवाज अजून घोगराच होता, पण शब्द आपोआप आले होते, शोधावे लागले नव्हते. मलाच इतकं हायसं वाटलं की त्या पोराला दोन बोंबील वर घातले. चंपूबायनं आपली टोपली फरशीच्या पलीकडे ओढून घेतली आणि चहा मागवला.

घरी काय झालं ते सांगायला मजा वाटते, तेव्हा वाटली नव्हती. त्याच आठवड्यात प्रणालीनं परत कालवणात टोमॅटो घातला. मी पहिला घास घेतला आणि चार महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. टोमॅटोपासून सुरू केलं ते उमरोळीपर्यंत गेले. पोरगी पांढरी पडली. आत जाऊन आईला फोन लावला, "आई, गाय नाही गं..." मला वाईट वाटलं, आत गेले, म्हटलं, "बघ, मी अशीच हाय. मिळाली ती आजारी सासू व्हती, ही खरी हाय. तुला पण तोंड हाय ना? वापर." दुसऱ्या दिवशी तिनं मला इंग्रजीच्या निबंधावरून असं झापलं की मी गपचूप परत लिहून काढला. तेव्हापासून आमचं बरं चाललंय.

परीक्षेला बसले ती अर्धी बरी, अर्धी आजारी अशी. मराठी, इतिहास चांगले गेले. गणिताच्या दुसऱ्या पेपरात डोक्यात परत ते धुकं आलं, आकडे दिसत होते पण हलत नव्हते. बाहेर आल्यावर मोरे सरांना म्हटलं, "सर, गणितात माझा गळा आडवा आला." ते म्हणाले, "बघू."

निकाल

निकाल प्रणालीनं मोबाइलवर काढला. मला वाचून दाखवला नाही, फोन हातात दिला. मी एकेक विषय बघत गेले. पास, पास, पास. इंग्रजीतसुद्धा पास. गणितात नापास. थोडक्यात गेलं होतं, पण गेलं होतं.

मी फोन ठेवला आणि ओट्यावर जाऊन बसले. बोलावंसं वाटत नव्हतं. बाजारातही गेले नाही. मी काही दुःख करत नव्हते, खरं सांगायचं तर मी हिशेब लावत होते की कुठला धडा धरला तर ते थोडे मार्क भरून निघतील. पण हे घरात कोणाला माहीत?

नवरा आला, बघून गेला. परत आला, पाण्याचा तांब्या ठेवून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात माझी गोळ्यांची पट्टी होती. "आज घेतलीस ना?" मी मान हलवली. "चहाच्या आधी?" मी परत मान हलवली. तो तिथेच उभा राहिला. "थंडी वाजते काय?" मी काहीच बोलले नाही. तो आत गेला, आणि आतून त्याची आणि प्रणालीची कुजबुज ऐकायला यायला लागली. माझ्या गप्प बसण्यावर नारळ फोडणारी ही माणसं, आता माझ्या गप्प बसण्याला घाबरली होती.

थोड्या वेळानं प्रणाली बाहेर आली. पदर खोचलेला, चेहरा घट्ट केलेला. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "आई, आता पुरे झालं. गणित काही तुमच्यानं व्हायचं नाही. वय बघा स्वतःचं. घरात बसा, टीव्ही बघा."

मी वर बघितलं. "काय म्हणालीस?"

"वय झालं तुमचं, म्हणाले."

मग मी उठले. माझं वय काढणारी तू कोण, इथपासून सुरुवात केली. जुलैत परत परीक्षा असते, मी गणिताला बसणार आहे, सर जिवंत आहेत तोवर सर शिकवतील आणि सर दमले तर तू शिकवशील, बी.कॉम.ची ती डिग्री काय भिंतीला टांगायला घेतलीस, आणि नापास बाईनं गप्प बसायचं असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते मला दाखव, मी पाच विषय पास आहे, पाच. शेजारच्या बाया आपापल्या ओट्यावर आल्या. प्रणाली हाताची घडी घालून ऐकत होती. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. ते बघून मी अजूनच चढले.

नवरा अंगणात मयूरशी फोनवर बोलत होता. "नाय रे, काळजी करू नको," तो सांगत होता. "बरी हाय. थांब, ऐक."

आणि त्यानं फोन घराच्या दिशेनं धरला.